नखाची फुली
गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या महादेवापुढे हात जोडून उभी असतानाच उजव्या अनामिकेला काहीतरी चावले, आणि देवासमोर हात सोडवून खाजवत बसणे बरे दिसेना म्हणून मी ते निमूटपणे सोसले. काळ्या बेसॉल्टचे ते कदंबकालीन देऊळ, जवळून वाहणारा ओढा आणि भर दुपारीही न हटणारी रानाची सावली, असे सगळे एकत्र असताना चावणाऱ्याने आणखी कशाची वाट पाहावी? चावला तो डास होता की चिलट, हे मात्र मी पाहिले नाही.

गाडीत बसताच मी चावल्या जागी उठलेल्या गांधीवर नखाने फुली मारली. या फुलीने काहीही होत नाही हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही ती मारल्याशिवाय राहवत नाही, आणि ती बेरजेच्या चिन्हासारखी नव्हे तर गुणाकाराच्या चिन्हासारखीच असली पाहिजे, असा माझा लहानपणापासूनचा हट्ट आहे. या खेपेस गुणाकारच झाला. मोले येईपर्यंत बोट अंगठीच्या दोन्ही बाजूंनी फुगले होते.

"तुझं रक्तच गोड, त्याला कोण काय करणार!" दादा म्हणाला. हे वाक्य तो मला शाळेत असल्यापासून ऐकवत आला आहे. वास्तविक डास येतो तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या, अंगाच्या उबेच्या आणि वासाच्या मागावर, आणि श्वास तर दादाही घेतो. रात्री तो किती मोठ्याने घेतो हे वहिनीला विचारावे. रक्त गोठू नये म्हणून डासाची मादी जी लाळ सोडते, तिच्यावर कोणाचे अंग किती चिडेल याचा काही नेम नसतो. कदाचित देवळात दादालाही चावले असेल, पण त्याच्या अंगाने ते मनावर घेतले नसेल.

धारबांदोड्याच्या एका खाणावळीत साबण लावून, फिरवून फिरवून अंगठी कशीबशी निघाली. आणखी तासाभराने ती सोनाराकडूनच कापून घ्यावी लागली असती. फोंड्याला औषधांच्या दुकानात सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची गोळी मिळाली, तेव्हा दुकानदाराने आधी गाडी कोण चालवणार हे विचारून घेतले, कारण तिने झोप येते. पुढची पाळी माझी होती. दादाने काही न बोलता किल्ली आपल्याच खिशात टाकली.

बोटावर रुमालात बांधलेला बर्फ धरून बसले असता मला आजीची सोलांची, म्हणजे आमसुलांची, वाटी आठवली. आजोळच्या कुळागरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, आम्हांला काहीही चावले तरी आजी भिजवलेली सोलां हातापायांना चोळत असे, आणि सुट्टी संपून शाळेत जाताना माझ्या फ्रॉकवर त्यांचे जांभळट डाग हमखास असत. खाज थांबत असे की आजीच्या हाताने तिचा विसर पडत असे, कोण जाणे.

एकदाच ती वाटी तिच्या हातात तशीच राहिली. माडाच्या झावळ्यांत गांधीलमाश्यांचे पोळे होते, ते नारळ पाडायला वर चढलेल्या पाडेल्याच्या ध्यानात आले नाही. तो खाली उतरला तेव्हा हसत होता. आजी आतून वाटी घेऊन आली तोवर त्याचे ओठ सुजले होते आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला होता. त्याला शेजारच्यांच्या जीपमध्ये घालून नेले. तो वाचला, परंतु माडावर पुन्हा कधी चढला नाही. त्या दिवशी दादा आणि मी सोप्यावर एकमेकांचा हात धरून उभे होतो.

फोंडा मागे पडल्यावर बराच वेळ दादा गप्प होता. मग समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता त्याने विचारले, "श्वास घ्यायला त्रास नाही ना होत?"

मी नाही म्हटले. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत त्याने आणखी दोनदा तेच विचारले.