दोन काड्या, एक टाचणी

पत्त्यांतला चौकट आणि दाराची चौकट. शब्द तोच, आकार वेगळे. दाराच्या चौकटीचे चारही कोन काटकोन, पत्त्यातल्या चौकटच्या चारही बाजू सारख्या. दोन्ही गुण एकाच ठिकाणी आले की चौरस. पण तोच चौरस टोकावर उभा करून दाखवा, भलेभले त्याला चौरस म्हणायला कचरतात.

नुसत्या बाजू मोजून चौकोन ओळखायला जावं तर फसगत ठरलेली. चार पट्ट्या टोकांशी जोडून आयत केला आणि कोपऱ्याला बोट लावलं की तो कलंडतो. बाजू त्याच, आयत गेला, समोरासमोरच्या बाजू समांतर असलेला समांतरभुज उरला. खरी मेख कर्णांत, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषांत आहे. १० सेंमीच्या दोन काड्या मधोमध टाचणीने खिळवा, टोकांभोवती रबर लावा. काड्या कशाही फिरवा, आयतच होतो; काटकोनात आल्या की चौरस. एक काडी ६ सेंमीची घेतली तर समांतरभुज, आणि काटकोनात आणली की चारही बाजू सारख्या असलेला समभुज, बाजू साधारण ५.८३ सेंमी. हाच तो पत्त्यातला चौकट! आता काटकोन तसाच ठेवून टाचणी लांब काडीच्या मध्यावरून थोडी सरकवा: पतंग.

गंमत पुढे आहे. १० सेंमीच्या दोन्ही काड्या टोकापासून ४ सेंमीवर खिळवल्या तर समद्विभुज समलंब मिळतो: समोरासमोरच्या दोन बाजू समांतर, उरलेल्या दोन सारख्या पण तिरक्या. कर्ण समान, पण आयत नाही. ‘कर्ण समान, म्हणून आयत’ असं लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात. मुरलेला सुतार आधी समोरासमोरच्या बाजू जुळवतो, मग कर्णांवर टेप ताणतो. २०० बाय ९० सेंमीची चौकट वरून फक्त १ सेंमी कलली, तरी दोन कर्णांत सुमारे ८ मिमीचा फरक पडतो. नजरेला तो कलही जाणवत नाही.

प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने आयताची व्याख्याच अशी केली की चौरस बाहेर राहावा. आपण मात्र चौरसाला आयतात घेतो, समभुजातही घेतो. मग समलंबापाशी येऊन ‘संमुख बाजूंची एकच जोडी समांतर’ म्हणत दार का लावून घेतो? ‘किमान एक’ म्हटलं असतं तर समांतरभुज आपसूक आत आला असता. समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले २, हे सूत्र त्याला तसंही लागू पडतंच.

असो. टाचणी सैल झाली, काड्या आता कुठल्याच व्याख्येत बसत नाहीत.