सदतीस अंशांवरचा रिपोर्ट

मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे रक्त गोठण्याच्या, म्हणजे ते किती सेकंदांत गोठते हे पाहणाऱ्या पीटी, एपीटीटी अशा चाचण्या केल्या. मे महिन्यातील एका दुपारी, नातेवाईक बाहेर घामाने निथळत बसलेले असताना, हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) फोन आला. "पीटी, एपीटीटी दोन्ही नॉर्मल म्हणता, मग रक्त पाझरायचे थांबत का नाही?" मी नमुना पुन्हा लावला, उत्तर तेच आले.

यंत्र चुकत नव्हते. त्यात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना उरलेला द्रव, आधी 37 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो आणि मग गुठळी धरेपर्यंतचे सेकंद मोजले जातात. टेबलावरील रुग्ण मात्र 34 अंशांवर होता. शिवाय हा प्लाझ्मा नमुना यंत्रात वेगाने फिरवून, प्लेटलेट्स (जखमेला चिकटून रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) खाली बसवून घेतलेला असतो. गोठण्याच्या साखळीतील एन्झाइम्स (क्रिया घडवणारी प्रथिने) साधारण 33 अंशांखाली ठळकपणे मंदावतात, पण प्लेटलेट्सचे जखमेला चिकटणे त्याआधीच बिघडते. म्हणजे जे खरोखर बिघडले होते, ते आमच्या नळीत नव्हतेच.

शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना शरीर मुद्दाम थंड करतात, कारण तापमान 10 अंशांनी उतरले की ऑक्सिजनची गरज सुमारे निम्मी होते. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपरिन देतात आणि शेवटी प्रोटामीनने त्याचा परिणाम उतरवतात. (प्रोटामीन मुळात सामन माशाच्या शुक्रद्रव्यातून मिळवतात, म्हणूनच माशाची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारतात, आणि आमच्या मासेखाऊ शहरात या प्रश्नावर बहुतेकांना हसू येते.) मशीन सुटताना रुग्ण पुन्हा गरम केलेला असतो, परंतु हातपाय अजून गारच असल्याने आतली ऊब तिकडे पसरते आणि शरीराच्या आतले तापमान पुन्हा खाली येते. त्यात 2 ते 6 अंशांवर साठवलेल्या रक्तपिशव्या तशाच चढवल्या, तर भरच पडते.

रिपोर्ट नॉर्मल असताना आणखी प्लाझ्मा मागवण्याआधी थर्मामीटर पाहावा, असे माझे मत त्या दिवसापासून झाले. ओटीत गरम हवेचे पांघरूण घातले, रक्त वॉर्मरमधून दिले, प्लेटलेट्स दिल्या. पाझर हळूहळू आटला. नेमके कशाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुढे मात्र ओटीचा नमुना आला की मी फोन करून रुग्णाचे तापमान विचारीत असे आणि ते रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून देत असे.