तुम्ही विचारलंत म्हणून: प्लंबिंगच्या कामाला जुनी व्हॅन घेताना

नवीन काम सुरू केलेली मुलं मला हमखास विचारतात, दादा जुनी व्हॅन घ्यायचीय, कुठली घेऊ? मी आधी विचारतो की गेल्या महिन्यात कामं काय काय केलीस, तर त्यांना वाटतं मी टाळतोय. पण खरंच उत्तर तिथूनच सुरू होतं.

मी एकदा महिनाभर प्रत्येक कॉल वहीत लिहून ठेवला होता. नळ टपकतोय, फ्लशची टाकी सारखी भरत राहते, बाथरूममध्ये वास येतो, पाण्याला जोर नाही, बहुतेक सगळी हीच कामं. आणि यातलं बरंचसं फोनवरच कळतं. वास येतो म्हणाले की मी विचारतो ते बाथरूम रोज वापरात आहे का, नसेल तर नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी सुकलेलं असतं, आणि ते पाणीच खालचा वास अडवत असतं, त्यामुळे दोन मग पाणी ओता आणि संध्याकाळी कळवा. फ्लशची टाकी सारखी भरत असेल तर तिच्यात खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका, कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा रबर गेलाय. एकाच नळाला पाणी कमी असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा. सगळ्याच नळांना कमी असेल तर मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का बघा, मग गच्चीवरच्या टाकीची उंची बघा, कारण दहा मीटर उंचीला साधारण 1 बार (दाब मोजायचं एकक) प्रेशर मिळतं, म्हणजे टाकी शॉवरच्या दोनच मीटर वर असेल तर 0.2 बार, तिथे शॉवर कितीही भारी बसवा, जोर येणार नाही.

वही वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की मला लागतात वायसर, अँगल कॉक, कनेक्शन पाईप, टेफ्लॉन टेप, एल्बो-टी आणि पाने, म्हणजे खूप खण असलेली छोटी गाडी. ज्याची वही नवीन बांधकामाच्या पाईपलाईनने भरलीय त्याची गाडी वेगळी, त्याला सहा मीटरच्या नळ्या न्यायच्यात.

मग वजन. हे कुणी बघतच नाही आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह इथेच असतो. गाडीच्या प्लेटवर किंवा कागदांवर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा करा, उरेल त्यात तुम्ही, हेल्पर, आतली फळ्यांची रॅक, छतावरचं कॅरियर, पाईप, मशीन सगळं बसवायचंय. जुना गीझर काढून आणताना तो पूर्ण रिकामा झालेला नसतो कधीकधी, आणि पाण्याचं गणित सरळ आहे, एक लिटरला एक किलो. जास्त भरलेली गाडी उशिरा थांबते. केबिन आणि मालाच्या मध्ये भक्कम जाळी नसेल तर ती आधी बसवा, कारण जोरात ब्रेक मारला की लोखंडी पाईप थेट तुमच्या पाठीवर येतात, यात मी कुणालाच सूट देत नाही.

आता प्रत्यक्ष गाडी बघणं. माझी पहिली व्हॅन मी गरम इंजिनावर घेतली. मालकाने मी पोचायच्या आधीच चालू करून ठेवली होती, आवाज छान, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार असताना चालू केली तर पांढरा धूर थांबेचना आणि त्याला गोडसर वास. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनात जळत होतं, ते आत जाऊ न देणारं सील, हेड गॅस्केट, गेलेलं. इंजिन उघडावं लागलं, गाडी गॅरेजमध्ये आणि मी खांद्यावर पिशवी घेऊन कामाला, ठरलेली दोन कामं दुसऱ्याला द्यावी लागली त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी मालकाला आधीच सांगतो की गाडी थंडच ठेवा आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवतो. थंड हवेत थोडा वेळ वाफ येते, ती चालते. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीये.

आपल्याला गळती शोधायची सवय असते ना, तीच नजर इथे लावा. छताला एकाच जागी ताजा रंग दिसला की आपण लगेच वर कुठला पाईप जातो ते बघतो, तसंच एखाद्याच कोपऱ्यात ताजा रंग किंवा नुकतंच चकचकीत धुतलेलं इंजिन दिसलं की थांबा आणि कारण विचारा. मागची मॅट उचला. आधीही प्लंबरकडेच असलेली गाडी असेल तर रॅकसाठी पाडलेल्या भोकांभोवती गंज असतो, ओले पाईप ठेवून तळ सडलेला असतो, वरून काहीच दिसत नाही. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा, नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं असू शकतं.

कमी किलोमीटर बघून लगेच भुलू नका. आकडा कमी आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, सीटची कड फाटलेली, तर आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. आणि नव्या डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग गरम चालावी लागते, आपलं काम तर दहा मिनिटं चालव, दोन तास उभी कर, असं, त्यात तो तुंबतो. दिवसभर अशाच छोट्या फेऱ्या असतील तर मी पेट्रोलच घ्या म्हणेन.

कागदांवरचा आणि गाडीवरचा चॅसी नंबर स्वतः जुळवा, कर्ज फिटल्याचं लेखी घ्या. आणि चालवून बघायला जाताना, मालक हो म्हणाला तर, मागे तुमची नेहमीची हत्यारांची पेटी आणि चार-पाच जड फिटिंगची पोती टाका, मग चढ चढवून बघा, क्लच घसरतो की नाही ते तिथे कळेल.