बर्फावरचे रस्ते कोण राखतं?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात हिवाळा लागला की नकाशावर रस्त्यांचं एक वेगळंच जाळं उमटतं. मक्याच्या शेतांतून, पाइनच्या जंगलांतून, गोठलेल्या दलदलींवरून जाणारे हे रस्ते मुख्यतः स्नोमोबाइलसाठी, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांसाठी. इथे त्यांना ट्रेल म्हणतात. राज्यभरात त्यांची लांबी 25,000 मैलांहून जास्त, म्हणजे 40,000 किलोमीटर. वळणावर बाण, रस्ता ओलांडायच्या ठिकाणी थांबायची पाटी, ओढ्यावर लाकडी पूल, सगळं जागच्या जागी.

भारतातून आलेले पाहुणे हे बघून हमखास विचारतात, ‘हे काम कुठल्या खात्याचं?’ खातं आहे, पैसेही येतात. पण झाडं कापायला, पाट्या ठोकायला, रात्री यंत्र घेऊन बाहेर पडायला जी माणसं जातात ती बहुतेक पगारी नसतात. ती स्नोमोबाइल क्लबांची सदस्य असतात, आणि राज्यात असे सुमारे 600 क्लब आहेत. सुतार, शेतकरी, ट्रकवाले, निवृत्त मास्तर अशी मंडळी आपला शनिवार-रविवार त्यात घालतात. आमच्या भागातल्या क्लबाचं कागदोपत्री काम मी सांभाळते, त्यामुळे हा कारभार जवळून दिसतो.

आधी पैशांचं. स्नोमोबाइलची नोंदणी फी, ट्रेल पासचे, म्हणजे ट्रेलवर गाडी चालवायच्या परवान्याचे, पैसे आणि पेट्रोलवरच्या कराचा एक हिस्सा, या तिन्हींतून राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे निधी जमतो. पेट्रोलचा हिशेब असा, की नोंदलेली प्रत्येक गाडी वर्षाला 50 गॅलन पेट्रोल पिते असं कायदाच धरून चालतो आणि त्यावरचा कर या निधीत वळवतो. म्हणजे जो बर्फावर गाडी चालवतो तोच पैसे भरतो. मला ही पद्धत रास्त वाटते. निधी विभागाकडून काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे, जातो आणि काउंटीकडून क्लबाकडे. देखभालीचा दर बरीच वर्षं मैलामागे वर्षाला 300 डॉलर इतका राहिला आहे. एखाद्या क्लबाकडे 60 मैल ट्रेल असतील तर हाती येतात 18,000 डॉलर. आणि बर्फ दाबून सपाट करणारं नवं यंत्र, ज्याला इथे ग्रूमर म्हणतात, दोन लाख डॉलरच्या पुढे जातं. डिझेल आणि दुरुस्ती वेगळीच.

जास्त खर्च झाला तर पूरक अनुदान मागता येतं. पण बर्फ भरपूर पडला की सगळ्याच क्लबांचे अर्ज वाढतात, निधी पुरत नाही आणि प्रत्येकाच्या रकमेला कात्री लागते. जास्त राबलं त्या वर्षी हिशेब जास्त तुटीचा! शिवाय काही ट्रेल्स अशा आहेत ज्यांना राज्याकडून छदामही मिळत नाही. त्या क्लब स्वतःच्या खिशातून राखतात. मग सोडती काढायच्या, उन्हाळ्यात सॉसेज भाजून विकायचे, शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण ठेवायचं.

लोकांना रात्री दिवे लावून फिरणारा ग्रूमर दिसतो. खरं काम बर्फ पडायच्या आधीचं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वादळात आडवी झालेली झाडं कापायची, वाढलेल्या फांद्या छाटायच्या, पुलांच्या फळ्या तपासायच्या. शेतातले पाट्यांचे खुंट मात्र मका निघाल्याशिवाय ठोकता येत नाहीत आणि जमीन गोठल्यावर ते आत जात नाहीत. मधे मिळतात थोडे दिवस. त्यातच नोव्हेंबरअखेरीस हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा मोसम येतो, तेव्हा आमची माणसं जंगलाकडे फिरकत नाहीत.

दलदलीचा प्रकार तर मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हता. लवकर पडलेला बर्फ ट्रेलला घातक असतो, कारण तो खालच्या ओल्या जमिनीवर पांघरुणासारखा बसतो आणि थंडी आत शिरू देत नाही. म्हणून डिसेंबरात हलक्या गाड्या फिरवून तो दाबतात, म्हणजे गारठा खाली उतरतो. आमच्या शेजारचे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ हे काम बघतात. घरात आम्ही त्यांना काकाच म्हणतो. एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. त्यांनी ड्रिलने बर्फात भोक पाडलं, भोकातून तपकिरी पाणी वर आलं, त्यांनी हातमोजा काढून बोट आत घातलं. ‘अजून आठवडा,’ म्हणाले. ‘ग्रूमर सात-आठ टनांचा आहे. आत गेला तर काढायला दुसरा लागेल, आणि दुसरा आपल्याकडे नाही.’

या सगळ्यापेक्षा नाजूक बाब जमिनीची. बहुतेक ट्रेल्स खासगी जमिनीतून जातात आणि मालक त्यासाठी भाडं घेत नाहीत. कोणी जमिनीत पडून जखमी झालं तर मालकावर सहसा दावा लागू नये, असं संरक्षण राज्याच्या कायद्यात आहे, म्हणून ते तयार तरी होतात. आपल्याकडे बांधावरच्या वाटेसाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात, हे आठवलं की या शेतकऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. पण दोन पोरं ट्रेल सोडून लसूणघासाच्या शेतात गाडी फिरवून जातात, दाबलेल्या बर्फाखाली गारठा मुळांपर्यंत पोचतो, वसंतात तिथे पट्टाच्या पट्टा जळालेला निघतो. मालक फाटक लावतो. त्याचं काय चुकलं? एक फाटक लागलं की मैलोन् मैल वाट फिरवावी लागते. जमीन विकली गेली तर नव्या मालकाच्या दारात पुन्हा पहिल्यापासून.

2023-24 च्या हिवाळ्यात तर बर्फच नव्हता. हेवर्डजवळची बर्कबायनर ही प्रसिद्ध स्की शर्यत कृत्रिम बर्फाच्या 10 किलोमीटरच्या फेरीवर घ्यावी लागली. कित्येक काउंट्यांतल्या ट्रेल्स उघडल्याच नाहीत. फांद्या छाटून झाल्या होत्या, पाट्या लागल्या होत्या, यंत्रं तेलपाणी करून उभी होती. मार्चमध्ये त्याच पाट्या उपटून गोदामात ठेवल्या. असे हिवाळे वाढले तर लोक गाड्यांची नोंदणी करणार नाहीत आणि निधीचा झरा तिथेच आटेल. फांद्या मात्र दर वर्षी वाढणारच. दर मैलांवर आणि निधी गाड्यांच्या संख्येवर, ही सांगड बदलत्या हवामानात टिकणार नाही असं मला वाटतं. दर महागाईशी जोडायला हवा आणि बर्फाविना गेलेल्या वर्षासाठी वेगळी राखीव रक्कम हवी.

पैशांचा प्रश्न कायद्याने सुटेल. माणसांचा कसा सुटणार? राज्यातल्या गाडीमालकाला ट्रेल पास 30 डॉलरला पडतो, क्लबाचा सदस्य असेल तर 10 डॉलरला. सदस्यसंख्या त्यामुळे फुगते, पण ऑक्टोबरात करवत घेऊन येणारे चेहरे तेच ते. शिवाय कोणी, कोणत्या यंत्रावर, किती तास काम केलं ही नोंद ऑनलाइन भरावी लागते. ती भरली नाही तर पैसे अडतात. अर्धं आयुष्य ट्रॅक्टरवर काढलेल्या माणसाला ते जड जातं. मी या कामात आले ती याच कारणाने. काकांसारख्यांच्या डोक्यात असलेला दलदलींचा आणि शेतमालकांच्या स्वभावांचा नकाशा अजून कोणी कागदावर उतरवलेला नाही, याची मला काळजी वाटते. 1924 मध्ये याच भागात, सेनर गावी, कार्ल एलियासन यांनी इंजिनाची घसरगाडी बनवली. त्या परंपरेची पुढची पिढी गाडीवर बसायला हौशी आहे, खुंट ठोकायला नाही.

शिकागो, मिलवॉकी, मिनिआपोलिसहून आपली बरीच मराठी मंडळी हिवाळ्यात इकडे येतात, भाड्याने गाडी घेतात. त्यांना माझी विनंती: पाट्यांच्या बाहेर जाऊ नका, बंद ट्रेलवर गाडी घालू नका, आणि जिथे राहाल तिथल्या क्लबाच्या देणगीच्या डब्यात काही टाका. ऑक्टोबरात एखादा शनिवार मोकळा असेल तर कामालाही या. करवत चालवता आली नाही तरी चालेल. कापलेल्या फांद्या ओढून बाजूला टाकायला माणसं कमीच पडतात. हातमोजे जाड आणा.