तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी मारुती जिप्सी किती इंच उचलावी?

"स्वस्तात एक जुनी जिप्सी मिळतेय, किती इंच उचलू?" हा प्रश्न वर्षभर येतो, पावसाळ्याच्या तोंडावर जरा जास्तच. उत्तर देऊन टाकतो: दोन इंच. तेही सगळ्यात शेवटी, गाडी सरळ चालायला आणि सरळ थांबायला लागल्यावर. एक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) वर पाटे (पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंग) चढवून पाच इंच उंच केलेल्या जिप्सींचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दिसतात झकास. घाटाच्या वळणावर त्या कशा वागतात, ते फोटोत येत नाही.

आधी एक गैरसमज काढू. जिप्सीचा ग्राउंड क्लीअरन्स (जमिनीपासूनची मोकळी उंची) २१० मिलिमीटर, आणि तो मोजतात डिफरन्शियलच्या, म्हणजे एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या, पोटाखाली. पाटे किंवा शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी) बदलले की चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडी वर जाते. एक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जागच्या जागी राहतो. म्हणजे जो दगड आज डिफरन्शियलला लागतो तो लिफ्टनंतरही लागणारच. एक्सल वर नेतो तो फक्त टायर. कंपनीचा टायर २०५/७० आर१५, व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर१५ घातला तर व्यास ७०३ च्या आसपास, एक्सल १८ मिलिमीटर वर. २३५/७५ आर१५ घातला तर ७३३, म्हणजे ३३ मिलिमीटर वर. लिफ्टचं खरं काम इतकंच की मोठा टायर मडगार्डला न घासता फिरावा आणि मधला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी), पुढचा-मागचा बंपर बांधावर टेकू नये. म्हणून आधी टायर ठरवा, मग लिफ्ट. २१५/७५ बहुतेक गाड्यांना न उचलताच बसतो. २३५/७५ ला दोन इंच पुरतात. त्यापुढच्या टायरला इंजिनच पुरत नाही: २३५ नेच गिअरिंग जवळजवळ दहा टक्के लांब होतं, चढावर एक गिअर खाली यावं लागतं, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने चाललेली असते.

कुठली जिप्सी घ्यावी यावर फार वेळ घालवू नका. १९८५ साली आलेली ९७० सीसीची एमजी४१० अरुंद आहे. तिला उचलू नका, आहे तशी जपा. १९९६ च्या जिप्सी किंगला १२९८ सीसी इंजिन मिळालं, पण कार्ब्युरेटरवर ताकद ६० बीएचपी. २००० पासूनची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी), सोळा व्हॉल्व्हची, ८० बीएचपीची किंग हीच कामाची. तिच्या इंजिनाचे बरेच भाग मारुती एस्टीम कारशी जुळतात, त्यामुळे ते मिळतातही. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर बदललेलाच नाही असं धरून चाला.

इंजिनापेक्षा महत्त्वाचा गंज. इंजिन दुसरं मिळतं, चासी मिळत नाही. जिप्सीची चासी पेटीसारखी बंद असते. आत गेलेला चिखल आणि समुद्राकडच्या गाडीत मिठाचं पाणी बाहेर यायला वाट नसते, त्यामुळे ती आतून कुजते आणि बाहेरचा काळा रंग शाबूत दिसतो. छोटा हातोडा न्या आणि मागच्या चाकाच्या वरचा भाग, पाट्यांचे चारही बाजूंचे हँगर (चासीवर पाटे धरणारे कान), शॅकल लागतात ती टोकं, बॉडीचे माउंट ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं. कुजलेलं भद्द आवाज देतं आणि खपली पडते. फरशीवरची रबरी मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा, काचेच्या चौकटीची खालची कड बघा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. सफारीसाठी मागे उंच बाक जोडलेली गाडी असेल तर ते बाक कुठे वेल्ड केले होते तेही तपासा. फरशीचा पत्रा कापून नवा बसवता येतो. शॅकलचा हँगर कुजलेला असेल तर सौदा मोडा, कारण लिफ्टचा सगळा भार नेमका तिथेच येणार आहे.

यानंतर पुढचा एक्सल. जिप्सीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. स्टीअरिंग वळतं तिथे चाकाच्या आत एक चकचकीत लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला जॉइंट असतो आणि वर-खाली किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांची) बेअरिंगं. गोळ्यावर ग्रीसची पातळ झिलई असेल तर ठीक. त्याच्याखालून पातळ तेल ठिबकत असेल तर एक्सलचं आतलं ऑइल सील गेलंय: डिफरन्शियलचं तेल गोळ्यात शिरून ग्रीस धुऊन नेतंय. असं असताना फक्त बाहेरचं सील बदलून काही होत नाही, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेवढंच करून देतात. गोळा पूर्ण उघडून जॉइंट डिझेलने धुवा, आतलं सील, बाहेरचं सील, किंगपिनची चारही बेअरिंगं एकदमच बदला आणि नवं ग्रीस भरा. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर नवं सील महिन्याभरात फाटेल. किंगपिनचा घट्टपणा शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतो. बाहेरचं सील न लावता टायरॉडच्या (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) भोकात वजनाचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. दीड किलोच्या आसपास ओढ लागली की नकल (चाकासोबत वळणारा भाग) वळायला हवा. सैल ठेवला तर पन्नास-साठच्या वेगाला एखादा खड्डा लागताच स्टीअरिंग हातात थडथडायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाही. लोक त्यावर स्टीअरिंग डॅम्पर लावतात. थरथर झाकली जाते, बेअरिंग झिजतच राहतं.

ट्रान्सफर केस जिप्सीत गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरी माउंटवर लटकलेला असतो. रबर फाटलं की गिअर टाकताना पोटाखाली धप्प आवाज येतो आणि जोरात चढताना लो (कमी वेगाच्या गिअर) मधून लिव्हर आपोआप बाहेर येतो. माउंट बदलणं सोपं आणि स्वस्त. ते न बघता ट्रान्सफर केस खोलून घेणारे पुष्कळ भेटतात. तेलं सगळी काढून नवी भरा. पुढच्या डिफरन्शियलला साधारण दोन लिटर, मागच्याला दीड, ट्रान्सफर केसला पाऊण लिटरच्या किंचित वर, गिअरबॉक्सला सव्वा. निघालेलं तेल दुधाळ असेल तर गाडी पाण्यात घातलेली आहे. ब्रीदरची (डिफरन्शियलमध्ये हवा ये-जा करू देणारी) नळी तुंबलीय का ते बघा. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर तो सीलमधून पाणी आत ओढतो. पुढच्या फ्रीव्हील हबच्या (पुढची चाकं ड्राइव्हला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाच्या) चकत्या हाताने लॉकवर फिरतात का, हे घेण्याआधीच बघा. आणि चारही टायर एकाच मापाचे हवेत. या गाडीला पुढच्या-मागच्या एक्सलला वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही. पुढे-मागे वेगळे टायर असतील तर फोर व्हीलमध्ये सगळं ड्राइव्ह आवळत जातं. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका, तेही याच कारणाने.

ब्रेक, टायरॉडची टोकं, चाकांची बेअरिंगं, ही कामं सांगायला नकोत. करा आणि मग उचलायचं बघू.

उचलायचे मार्ग चार. लांब शॅकल सगळ्यात स्वस्त: शॅकल जितका वाढवाल त्याच्या निम्मी उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. एक इंच उंचीसाठी शॅकल दोन इंच लांब. एका इंचापलीकडे याच्या नादी लागू नका. दुसरा मार्ग पाटेवाल्याकडे जाऊन जुन्या पाट्यांना थंड ठोकून कमान वाढवणं. उंची मिळते, पण पाट्याला पुन्हा पाणी दिलेलं (तापवून-विझवून कडक केलेलं) नसल्याने काही महिन्यांत तो बसतो, आणि दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत. तिसरा, पाट्यात एक पान (पट्टी) वाढवणं. गाडी उभी राहते उंच, पण रिकामी जिप्सी हजार किलोच्या आसपास भरते. तेवढ्या वजनाला जाड पान वाकतच नाही. खाचखळग्यात चाक खाली उतरून जमीन धरण्याऐवजी हवेत राहतं. डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं सोबत फिरवणारी सोय) नसलेल्या गाडीत हवेतलं चाक म्हणजे संपलेला चढ. चौथा मार्ग चांगल्या कारखान्यातून दोन इंच जास्त कमानीचे नवे पाटे, जोडीला तितकेच लांब शॉकअप. महाग आहे, पण हाच करा. एक्सलच्या वर पाटे नेण्याचा पाचवा मार्ग मी मोजत नाही: ड्रॅग लिंक (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) पाट्याला अडते, एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, ब्रेकच्या नळ्यांपासून प्रॉपेलर शाफ्टपर्यंत (एक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्यापर्यंत) सगळं बदलावं लागतं, आणि जेमतेम १३०० मिलिमीटर ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराची) गाडी पाच इंच वर गेल्यावर आडव्या उतारावर कधी कलंडेल ते सांगता येत नाही.

बसवताना आदल्या रात्रीच सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाट्याच्या डोळ्यातला बोल्ट हमखास बुशच्या नळीत चिकटलेला असतो. हलला नाही तर ठोकत बसू नका, कापा आणि नवा घ्या. सुरुवात मागून. पुढच्या चाकांना पाचर, चासीखाली भक्कम स्टँड, एक्सलखाली जॅक. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्यांवर) आणि सरकत्या सांध्यावर रंगाची खूण करा. शाफ्टचे दोन्ही क्रॉस एका रेषेत न बसल्यास गाडी भुणभुणते आणि दोष मग पाट्यांना लागतो. नव्या पाट्याच्या मध्यबोल्टाचं डोकं एक्सलच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय याची बोटाने खात्री करा. पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुन्याचे आटे ताणलेले असतात. ते चारही कोपऱ्यांतून थोडेथोडे, आलटून-पालटून आवळा. शॅकल आणि हँगरचे नट मात्र ढिले ठेवा. गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून बसवल्यावरच आवळा. एक्सल लटकत असताना आवळलेलं रबरी बुश गाडी खाली येताच पिळलं जातं आणि लवकर फाटतं. मग पुन्हा जॅक लावून एक्सल पूर्ण खाली सोडा आणि ब्रेकचे रबरी पाइप बघा. ताठ झाले असतील तर लांब पाइप घालायलाच हवेत. मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडाही तेवढाच लांबवा, नाहीतर त्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

उंची वाढली की कोन बदलतात. पुढचा शॅकल लांब केला तर एक्सल पुढे कलतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो. वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं आणि गाडी रस्त्यावर भटकते. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची पाचर घालून एक्सलचं डोकं मागे घ्या. पाचर लोखंडी असावी, ॲल्युमिनियमची चिरडते. यात पुढचा पिनियन (डिफरन्शियलचं शाफ्ट जोडतं ते तोंड) जरा खाली झुकतो, पण पुढच्या शाफ्टवर जोर येतो तो फक्त फोर व्हीलमध्ये, कमी वेगात. म्हणून पुढे स्टीअरिंगला झुकतं माप द्या. मागे उलट: शाफ्ट सतत फिरतो, तिथे ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. दोन इंचांत हे सहसा जमून जातं. स्टीअरिंगचं चाक वाकडं आलं तर ते काढून सरळ लावू नका, ड्रॅग लिंकची लांबी जुळवा; नाहीतर एका बाजूला गाडी कमी वळेल.

मूळ पाटे आणि शॅकल भंगारात देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम ठेवला. स्वस्तात मिळणारी बहुतेक जिप्सी पंधरा वर्षांपलीकडची, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि तपासणी आलीच. मडगार्डच्या बाहेर डोकावणारा टायर लांबूनच नजरेत येतो. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्यावर बोट ठेवायला तिला कारण मिळतं.

शंभर किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेला आणखी एकदा. नवी पानं बसताना ते हमखास सैल पडतात, आणि सैल यू-बोल्टखाली एक्सल सरकला की मध्यबोल्ट तुटतो. त्याच दिवशी हेडलाइटही खाली घ्या. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा, दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच्या पाच सेंटिमीटर खाली खडूने रेघ ओढा. डिपरचा झोत त्या रेघेच्या वर जाता कामा नये.