तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

“बजेट इतकं इतकं आहे, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?” हा प्रश्न मला सतत येतो. कधी बारावी संपलेला मुलगा विचारतो, कधी त्याचे वडील. मी उलट विचारतो, मॉनिटर कोणता आहे?

कारण कार्डाचं काम पडद्यावर ठरतं. फुल एचडी पडद्यावर जवळपास २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३७ लाख आणि फोरकेवर ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, कार्डाने ते सगळे रंगवायचे. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल, तर सेकंदाला १२० फ्रेम काढणाऱ्या कार्डाच्या निम्म्या फ्रेम तुम्हाला दिसणारच नाहीत. अशा वेळी कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि उरलेले पैसे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला लावा, असं मी अगदी ठामपणे सांगतो. त्यात मुलगा फक्त व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणार असेल, तर महागडं कार्ड नकोच.

नवे, भारी गेम खेळायचे असतील तर मात्र मेमरी बघा. टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं, कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की ती मदरबोर्डावरच्या रॅममधून आणावी लागतात, आणि तो रस्ता फार अरुंद आहे. सरासरी फ्रेमरेट चांगला दिसतो, पण गेममध्ये नव्या भागात शिरलात की चित्र क्षणभर अडखळतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये सरासरीच्या खालचा ‘एक टक्का लो’ हा आकडा, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग, वाचा. २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळतं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटीही तसंच. नाव एकच, चिपही तीच. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीचंच घ्या. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड मला आवडतं, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते मंदावतं, शिवाय बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असावा लागतो. तुमचा पीसी जुना असेल तर या कार्डाच्या वाटेला जाऊ नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित वस्तू: एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरांतले ५०० वॅट सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. तिथे १८ लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे कामाचे वॅट फक्त २१६. ५०६० टीआय एकटंच १८० वॅटपर्यंत घेतं, आणि प्रोसेसरही त्याच लाइनवर जगतो. गेम रंगात आला की पीसी आपोआप बंद पडतो आणि दोष कार्डावर जातो. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर नवं कार्ड चढवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जुनं कार्ड घेऊ का, असंही विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर सतत गणितं करून ते चलन मिळवणं) थांबलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) मात्र झिजलेली असू शकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ओळखीच्याकडून, आपला आवडता गेम समोर अर्धा तास चालवून बघा. तापमान वाचा, पंख्याची घरघर ऐका, पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात का ते पाहा. विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल, तर भाव कितीही उतरवला तरी ते कार्ड घेऊ नका.