कोर्टनाक्याहून पीस पॅलेसला: हेग ॲकॅडमीची वारी

ठाण्याहून नेदरलँड्समधल्या हेगला निघताना पहिली अडचण येते ती नावाची. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, वडिलांचं, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. हेग ॲकॅडमी ऑफ इंटरनॅशनल लॉ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचे काही आठवड्यांचे वर्ग चालवणारी संस्था, तिचा ऑनलाइन अर्ज भरताना पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच टाका, कारण प्रवेशाचं पत्र त्याच नावाने येतं आणि तेच व्हिसाच्या फाइलीत लागतं. नाव जुळलं नाही की बसा कोर्टनाक्यावर प्रतिज्ञापत्र करत. शिष्यवृत्ती हवी असेल तर तिची मुदत साध्या प्रवेशाच्या आधी संपते, हेही ध्यानात ठेवा.

नेदरलँड्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. घोळ होतो तो तारखांचा: विमान रात्री दीडचं असेल तर आपण घरातून पाच तारखेला निघतो, तिकिटावर मात्र सहा असते. विमा, तिकीट आणि राहण्याचं आरक्षण एकदा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहा.

ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाच्या खालूनच हेगची रेल्वेगाडी मिळते, अर्ध्या तासाचा प्रवास. हेगला दोन मोठी स्टेशनं आहेत, सेंट्राल आणि हॉलंड्स स्पोर. ॲकॅडमी ज्याच्या आवारात आहे त्या पीस पॅलेसला जायचं तर सेंट्रालला उतरून २४ नंबरची बस बरी. बँकेचं कार्ड चढताना यंत्राला टेकवायचं तसंच उतरतानाही. आपल्याला लोकलची सवय, एकदा तिकीट काढलं की सुटलो. इथे उतरताना विसरलात तर जादा पैसे कापले जातात. माणशी एक कार्ड लागतं, एकावर दोघे जाता येत नाही.

पीस पॅलेस १९१३ साली उघडला, अँड्र्यू कार्नेगी यांनी दिलेल्या १५ लाख डॉलरमधून. आंतरराष्ट्रीय न्यायालय इथेच बसतं. कुलभूषण जाधव खटल्याचा १५ विरुद्ध १ असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी इथेच वाचला गेला. बहुतेक पर्यटक फाटकाबाहेर फोटो काढून परततात. अभ्यागत केंद्र पाहायला तासभर पुरतो. मला विचाराल तर खरा ऐवज मागच्या बाजूला, ॲकॅडमी आणि ग्रंथालयाच्या इमारतीत आहे.

ॲकॅडमी १९२३ पासून चालू आहे. तिला कायमचे प्राध्यापक नाहीत, ती पदवीही देत नाही. उन्हाळ्यात तीन आठवडे सार्वजनिक (राष्ट्राराष्ट्रांमधला) आणि तीन आठवडे खासगी (वेगवेगळ्या देशांतल्या व्यक्तींमधला) आंतरराष्ट्रीय कायदा. २०१९ पासून जानेवारीतही तीन आठवड्यांचं सत्र असतं. जगभरातून बोलावलेले प्राध्यापक इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये शिकवतात, कानाला यंत्र लावून दुभाषाचं भाषांतर ऐकायचं. इथली व्याख्यानं पुढे ‘रक्यई दे कूर’ या मालिकेत छापली जातात. तिचे चारशेहून अधिक खंड झाले आहेत आणि न्यायालयांतल्या युक्तिवादांत त्यांचे दाखले दिले जातात. म्हणून समोर ऐकलेलं व्याख्यान अर्धकच्चं वाटलं तरी टिपणं फेकू नयेत. उपस्थितीचं प्रमाणपत्र बहुतेकांना मिळतं. डिप्लोमाची गोष्ट वेगळी: लेखी, मग परीक्षकांसमोर तोंडी, आणि एखाद्या वर्षी तो कोणालाच मिळत नाही. फक्त बायोडेटासाठी त्या परीक्षेला बसू नये, तेवढा वेळ ग्रंथालयात घालवावा.

ग्रंथालयात नुसतं फिरण्यात दिवस वाया जातो. त्याची सूची घरबसल्या, फुकट पाहता येते. ठाण्यातच विषय ठरवून पुस्तकांची आणि खंडांची यादी करून न्या.

सुट्टीच्या दिवशी पीस पॅलेससमोरून १ नंबरची ट्राम थेट डेल्फ्टला जाते. रुळांचं काम चालू असलं तर मार्ग बदलतो, आधी ॲपवर पाहा. डेल्फ्ट हे डच कायदेपंडित ह्युगो ग्रोशियसचं गाव. चौकात त्याचा पुतळा, समोरच्या नव्या चर्चमध्ये समाधी. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही, हा त्याचा १६०९ चा युक्तिवाद ज्या पोर्तुगीजांविरुद्ध होता, त्यांचा अंमल तेव्हा ठाणे-वसईवर होता आणि आपल्या गलबतांनाही त्यांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागे. मद्रास विद्यापीठात प्राध्यापक असलेले कायद्याचे अभ्यासक सी. एच. अलेक्झांड्रोविच यांनी पुढे मांडलं, की हिंदी महासागरातल्या मोकळ्या व्यापाराची जुनी रीत ग्रोशियससमोर होती. पोर्तुगीजांनी ठाण्यात १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, कोर्टनाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.